दुःख सर्वांचे, पण गटार कुणाचे?

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की विहाराविहारांतून व्याख्यानांच्या पत्रिका निघू लागतात. विषय ठरलेले असतात. चार आर्यसत्ये, आर्य अष्टांगिक मार्ग, विपश्यना आणि आजचा माणूस. अशाच एका कार्यक्रमाला मी वक्ता म्हणून गेले होते. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण झाले, वंदना झाली आणि चर्चेला तोंड फुटताच सभागृहाचे सरळ दोन तट पडले.

एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "ताई, डोळे मिटून श्वास बघत बसल्याने अत्याचार थांबणार आहेत का? समाजाला झोपवायचे हे औषध आहे!" त्यावर तीन-चार शिबिरे केलेले, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. "बाळा, आम्ही चाळीस वर्षे मोर्चेच काढले. हाती काय लागले? गटबाजी! ज्याला स्वतःचे मन आवरत नाही, तो समाज काय सावरणार?" आवाज चढले. कोण खरा आंबेडकरवादी आणि कोण खरा बौद्ध, इथपर्यंत प्रकरण गेले. शेवटी संयोजकांनी घाईघाईने आभार मानून सभा आटोपती घेतली.

परतताना मला दोघांचेही म्हणणे थोडे पटत होते आणि दोघांचेही थोडे खुपत होते. हा वाद एका विहारातला नाही. गावोगावी तो चालू आहे आणि त्यात आपली माणसे एकमेकांपासून तुटत आहेत. म्हणून त्यावर स्पष्ट बोलले पाहिजे. मी पंडित नाही, भिक्खूही नाही. मी कोर्टात उभी राहणारी एक वकील आहे. तेव्हा माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणापासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टाकीत उतरलेला एक कंत्राटी सफाई कामगार गुदमरून मेला. तिशीही न ओलांडलेला. त्याला वर ओढायला उतरलेला चुलतभाऊ कसाबसा वाचला. ना मास्क, ना कमरेला दोर, ना टाकीत हवा सोडण्याची सोय. कंत्राटदाराने पोलिसांपुढे सांगितले, "आम्ही सांगितलेच नव्हते, तो स्वतःहून उतरला." मागे तरुण पत्नी आणि दोन लहान मुले. घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका सद्गृहस्थांनी त्या माउलीच्या सांत्वनासाठी किसा गोतमीची कथा सांगितली. कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती श्रावस्तीत औषध मागत फिरते. तथागत तिला सांगतात, ज्या घरात कधी कुणी मेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरात असते, पण मृत्यू न पाहिलेले घर एकही सापडत नाही. गोतमीला उमगते की हे दुःख तिच्या एकटीचे नाही. ती मुलाला निरोप देते आणि धम्माला शरण येते.

चार दिवसांनी ती बाई कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आली. सह्या झाल्यावर म्हणाली, "ताई, ती मोहरीची गोष्ट मला पटली. मरण सगळ्यांच्याच घरी येतं. पण गटारात मेलेलं माणूस पण सगळ्यांच्याच घरी असतं का?"

मी वकील. प्रश्नाला उत्तर देणे हा माझा धंदा. पण त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

बंधू-भगिनींनो, तिच्या त्या एका प्रश्नात दुःखाचा अर्धा विचार आलेला आहे. दुःख दोन प्रकारचे असते. एक दुःख माणसाच्या देहाबरोबर येते. म्हातारपण, आजार, मृत्यू, प्रिय माणसाचा वियोग. हे दुःख राजालाही चुकत नाही आणि रंकालाही चुकत नाही. किसा गोतमीचे दुःख हे असे होते. त्यावर तथागतांनी दिलेले औषध आजही लागू पडते. दुसरे दुःख मात्र पत्ता विचारून येते. ते ठरावीक गल्लीत जाते, ठरावीक आडनाव शोधते, ठरावीक दार ठोठावते. त्या बाईने मोहरी मागत शहरभर पायपीट केली असती, तर गटारात मेलेला माणूस नसलेली हजारो घरे तिला सापडली असती. असे घर सापडेनासे झाले असते ते फक्त तिच्या स्वतःच्या वस्तीत!

पहिल्या दुःखाचे सांत्वन दुसऱ्या दुःखाला लावणे हा अन्याय आहे. बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच प्रश्न उपस्थित केला आहे. जन्म दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, असे सर्वच दुःख असेल तर माणसाला आशेला जागा कुठे उरली? ही शिकवण मूळची बुद्धाची की नंतरच्या भिक्खूंनी त्यात घातलेली? इतका रोखठोक प्रश्न विचारायला बाबासाहेबांचीच छाती हवी. याचा अर्थ बाबासाहेबांनी दुःख नाकारले असा मुळीच नाही. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे, हाच त्यांच्या मांडणीत धम्माचा पाया आहे. फक्त त्या दुःखात त्यांनी दारिद्र्य, पिळवणूक आणि वर्गावर्गांतील संघर्षही मोजला. म्हणूनच त्यांच्या ग्रंथातला सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध पेटू घातले, त्याला सिद्धार्थाने संघात विरोध केला, आणि त्या संघर्षातून त्याने परिव्रज्या घेतली. पाण्याचा तंटा! महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ओंजळीत घेणाऱ्या महापुरुषाला या प्रसंगाचे मोल किती वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

आणि हे केवळ बाबासाहेबांचेच म्हणणे आहे असेही कुणी समजू नये. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त वाचा. राज्यात चोऱ्या आणि लूटमार वाढली आहे, तेव्हा नुसत्या शिक्षेने ती थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पुरेसे वेतन द्या, मग राज्यात शांतता नांदेल, असा सल्ला तेथे येतो. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली आणि चोरीतून हिंसा आली, अशी कारणांची साखळीच मांडली आहे. दुःखाचे कारण शोधायचे म्हणजे काय, ते येथे दिसते.

आता दुसरे आर्यसत्य घ्या. दुःखाचे कारण तृष्णा. मला वाटते, जातीच्या समाजात या सत्याचा एक भयंकर पैलू आहे, तो आपण पुरेसा बोलून दाखवत नाही. येथे तृष्णा एका घरात असते आणि दुःख दुसऱ्या घरात पोचते. यंत्राचे भाडे वाचवण्याची तृष्णा कंत्राटदाराची. देखभालीचा खर्च कमी ठेवण्याची तृष्णा सोसायटीची. स्वस्तात काम उरकण्याची तृष्णा अधिकाऱ्याची. मेला तो टाकीत उतरलेला! त्याची तृष्णा काय होती? दोन वेळचे जेवण आणि मुलाची वह्या-पुस्तके. तिला तृष्णा म्हणायची माझी तयारी नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणून कुणी तिला पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब सांगू लागला, तर समजावे की पिवळ्या चीवरात मनूच बोलतो आहे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे हीनत्व ठरते हा सिद्धांत बाबासाहेबांनी साफ फेटाळला होता, हे आपण विसरता कामा नये.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा अमलात आला तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी. संरक्षक साधने आणि सुरक्षेची खबरदारी न घेता कुणालाही गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवण्यास त्याच्या कलम ७ ने मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाखांवर नेली. कायदा आहे, निकाल आहेत आणि तरीही माणसे टाक्यांत उतरत आहेत, मरत आहेत. तेव्हा त्या तरुण कार्यकर्त्याचा संताप खोटा नव्हता. ज्या दुःखाचे कारण कंत्राटात लिहिलेले आहे, ते नुसत्या श्वासाकडे पाहून जात नाही. त्यासाठी कोर्ट लागते, संघटना लागते, रस्ता लागतो.

येथे हा लेख संपवला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण गोष्ट येथे संपली नाही, आणि पुढचा भाग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

त्या बाईच्या नुकसानभरपाईच्या अर्जाची सुनावणी एका कार्यालयात होती. समोरचा अधिकारी फाइल न वाचताच बोलत होता. "दारू प्यायला असेल" असे तो सहज म्हणून गेला. माझे डोके भडकले. मी टेबलावर कागद आपटले, नको ते बोलले आणि तावातावाने बाहेर पडले. बाहेर व्हरांड्यात दोन-चार कार्यकर्त्यांनी पाठ थोपटली, "ताई, बरी जिरवली!" मलाही बरे वाटले. पण आत माझी गैरहजेरी लागली आणि पुढची तारीख मिळाली ती साडेतीन महिन्यांनंतरची. या साडेतीन महिन्यांत त्या बाईने मंगळसूत्र गहाण टाकले. मुलाची शाळा बुडाली. दीर भरपाईतला वाटा आधीच मागू लागला, दारू पिऊन दारात येऊ लागला. राग माझा आणि व्याज तिने भरले! कंत्राटदाराच्या तृष्णेविषयी वर मी जे लिहिले, तेच माझ्या रागाला लागू होते. आत माझ्या घरात पेटले आणि जळाले दुसऱ्याचे घर.

संयुत्तनिकायात तथागतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होतेच. पण धम्म न ऐकलेला माणूस त्या वेदनेवर आक्रोश करतो, चडफडतो, आणि जणू दुसरा बाण स्वतःलाच मारून घेतो. पहिला बाण त्या अधिकाऱ्याने मारला होता. दुसरा मी मारला. तोही मला लागला असता तर एक वेळ चालले असते. तो लागला माझ्या पक्षकाराला.

सम्यक स्मृतीची गरज येथे पडते. महासतिपट्ठान सुत्तात स्मृतीची चार स्थाने सांगितली आहेत. काया, वेदना, चित्त आणि धम्म. भाषा जड वाटते, पण गोष्ट साधी आहे. छातीत धडधड सुरू झाली, हे कळणे. हे अप्रिय वाटते आहे, हे कळणे. माझ्या चित्तात द्वेष उठला आहे, हे कळणे. आणि हा द्वेष कशाने उठला, कशाने वाढतो, कशाने शमतो, हे कळणे. त्या दिवशी कार्यालयात मला हे दोन श्वासांपुरते जरी कळले असते, तरी मी खुर्चीत बसून राहिले असते आणि थंड डोक्याने म्हटले असते, "साहेब, आत्ता जे बोललात ते नोंदीवर घ्या." त्याचा घाम निघाला असता! स्मृतीने राग नाहीसा होत नाही. तो कामाला लावता येतो.

आणि 'सति' या पाली शब्दाचा मूळ अर्थच स्मरण असा आहे, हे लक्षात घ्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला आपण एक स्मृती जाळली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण दुसरी स्मृती स्वीकारली. मनुस्मृती गेली आणि सम्यक स्मृती आली. पहिलीने माणसाला त्याची पायरी सांगितली. दुसरी माणसाला जागे राहायला सांगते. आपण पहिली जाळल्याचा उत्सव दरवर्षी करतो, पण दुसरी अंगी बाणवण्याचा सराव किती जण करतो?

विपश्यनेविषयी मी अन्यायाने बोलणार नाही. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले, १९९३-९४ साली तिहार तुरुंगात कैद्यांसाठी शिबिरे झाली. दारू सुटलेली, मारझोड थांबलेली माणसे मी आपल्याच वस्तीत पाहिली आहेत. त्यांच्या बायकांना विचारा, श्वास पाहिल्याने काय होते ते! पण शिबिरातून परतलेला माणूस वस्तीतल्या अन्यायाकडे 'सगळे अनित्य आहे' म्हणून पाठ फिरवत असेल, तर त्याने औषधाचे व्यसन केले आहे. पाश्चात्त्य देशांत १९७९ पासून रुग्णालयात सुरू झालेला माइंडफुलनेसचा प्रयोग आज कंपन्यांच्या दालनांत पोचला आहे. बारा तास राबवायचे आणि दहा मिनिटे श्वास पाहायला लावायचे! सम्यक स्मृती हे आठ अंगांपैकी सातवे अंग आहे. सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक आजीविका यांच्यापासून ते तोडले की उरते ते नुसते लक्ष. आणि लक्ष काय, खिसेकापूचेही एकाग्रच असते.

मग त्या विहारातल्या वादाचा निकाल काय? निकाल तथागतांनीच देऊन ठेवला आहे. सुम्भ लोकांच्या सेदक नावाच्या गावी त्यांनी भिक्खूंना बांबूवर कसरत करणाऱ्या एका खेळियाची गोष्ट सांगितली. गुरू आपल्या शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, तरच आपण दोघे खाली सुखरूप उतरू. तथागतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरवले. पण ते तेथे थांबले नाहीत. स्वतःला सांभाळणारा इतरांना सांभाळतो, आणि इतरांना सांभाळणारा स्वतःला सांभाळतो, असा दोन्ही बाजूंचा उपदेश त्यांनी केला. पहिले साधनेने घडते. दुसरे क्षमा, अहिंसा, मैत्री आणि करुणेने. त्या सुत्तात या खेळियासाठी 'चण्डालवंसिक' असा शब्द आला आहे. म्हणजे दाखला राजवाड्यातला नाही, पोटासाठी बांबूवर चढणाऱ्या माणसाचा आहे. राजगृहात रस्ते झाडणाऱ्या सुनीताला संघात सन्मानाने घेणाऱ्या महामानवाने दाखला तेथूनच उचलावा, यात नवल नाही.

तो तरुण कार्यकर्ता आणि ते निवृत्त गृहस्थ एकाच बांबूवर उभे आहेत. एकाचा तोल गेला तर दोघेही पडणार.

राहता राहिला प्रश्न चांगले जगण्याचा. कोलियांपैकी दीघजाणु नावाचा गृहस्थ तथागतांना म्हणाला, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हाला याच जन्मी उपयोगी पडेल असे सांगा. तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने आणि कौशल्याने कमवा. कमावलेले जपा. चांगल्या मित्रांची संगत धरा. मिळकत पाहून खर्च करा. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगायला, दोन उद्योगात आणि एक अडचणीसाठी राखून ठेवायला सांगितले आहे. त्याच सुत्तात मालकाला बजावले आहे की नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्या, जेवण आणि वेतन द्या, आजारपणात काळजी घ्या, वेळेवर सुट्टी द्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कामगार कायदाच आहे! १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांना हा धम्म आपला वाटला, ते उगाच नाही.

त्या बाईला अखेर भरपाई मिळाली. तिने दिराला ठामपणे वाटा नाकारला. पैशाचा मोठा भाग मुलांच्या नावाने ठेवीत टाकला, थोड्यातून कर्ज फेडले, मंगळसूत्र सोडवले, आणि आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे. दीघजाणुचे नाव तिने ऐकलेले नाही. कंत्राटदारावरचा खटला मात्र अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला मी जाते, आणि दालनाच्या दाराशी दोन श्वास थांबूनच आत शिरते.

आता एक कटू गोष्ट. आपल्यापैकी अनेक जण आरक्षणामुळे आणि शिक्षणामुळे वस्तीतून सोसायटीत राहायला गेले आहेत. मीही गेले. हे प्रकरण हाती आल्यावर मी आमच्या इमारतीच्या हिशेबाचे जुने कागद काढून पाहिले. 'टाकी सफाई' असा खर्च दरवर्षी पडलेला होता. यंत्राने की माणसाने, कुठेही लिहिलेले नव्हते. वार्षिक सभेत मी हात वर करून त्या हिशेबाला दरवर्षी मंजुरी दिली होती! २२ प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली मी, माझ्या पायाखाली कोण उतरते हे मला ठाऊक नव्हते. स्मृती हरपणे म्हणतात ते हेच. पुढच्या सभेत मी ठराव मांडला. कुरकुर झाली, खर्च वाढेल म्हणाले. ठराव मंजूर झाला.

म्हणून या बुद्ध पौर्णिमेला माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास काढा. अर्धा तास आनापान सती करा, आणि उरलेल्या अर्ध्या तासात वस्तीतल्या तक्रारींची वही उघडा. कुणाची मजुरी अडली, कुणाचा अर्ज पडून आहे, कुणाला टाकीत उतरवले जाते आहे, ते लिहा आणि पाठपुरावा करा. आपल्या वकिलांनी आळीपाळीने तेथे बसावे. पहिले नाव माझे लिहा. आणि जे सोसायटीत राहतात, त्यांनी येत्या सभेत एकच प्रश्न विचारावा : आपली टाकी कोण साफ करतो?

या प्रश्नाने ज्या दिवशी एक माणूस टाकीबाहेर राहील, त्या दिवशी एका घरातले दुःख होण्याआधीच टळलेले असेल. दुःखनिरोध म्हणतात तो असाही असतो.

नमो बुद्धाय! जय भीम!